वाघोबावरचा आळ

"कुणाला खरं वाटायचं नाय," असं म्हणत कोंडूने धोतर गुडघ्यापर्यंत वर ओढलं आणि डावी पोटरी जयरामच्या नाकाखाली धरली. "पन हे बघ. मोज."

जयरामने मोजले. पोटरीच्या आतल्या अंगाला चार ओरखडे होते, आडवे, एकाखाली एक, जणू कुणी फणी ओढली असावी. खपल्या धरल्या होत्या आणि कडेने हळदीचा पिवळेपणा अजून राहिला होता. जयराम वैशाखऱ्याहून निरोप घेऊन आला होता. वाडीत तेव्हा फोन नव्हता, निरोप माणसाच्या पायांनीच यायचे. पण निरोप सांगायला तोंड उघडायच्या आधीच त्याला पोटरी बघावी लागली होती.

"बिबट्या?" त्याने विचारलं.

"मग काय मांजर?"

आणि कोंडूने सुरू केलं. वाघोबाच्या वळणावर, उतरणीला, दिवस कलताना करवंदीच्या जाळीतून बिबट्या निघाला तो थेट सायकलसमोर. वासराएवढा. पंधरवड्यापूर्वी हाच बिबट्या कुत्र्याएवढा होता, हे जयरामला ठाऊक असायचं कारण नव्हतं. कोंडूच्या गोष्टीतली जनावरं अशीच वाढत. त्याच्या तरुणपणी काळू नदीत त्याने धरलेला मासा आज माणसाएवढा झाला होता आणि मरेपर्यंत हत्तीएवढा होईल याविषयी वाडीत कुणाला शंका नव्हती.

"मी काय केलं? ब्रेक नाय मारला. घंटी मारली. वाघानं आयुष्यात घंटी ऐकलेली नाय. तो थबकला, इकडं तिकडं बघाया लागला. म्हटलं, हीच येळ हाय, आनि मी जो..."

टक्.

पडवीच्या कोपऱ्यातून आवाज आला. तिथे मेढीला साखळी घालून काळी सायकल बांधून ठेवली होती, आणि तिच्या मागच्या चाकापाशी कोंडूची सून लहानी उकिडवी बसली होती. तिच्या हातात नेलकटर होतं.

आत चुलीपुढे बाईजा भाकऱ्या थापत होती. तिचा हात थांबला. "लहाने, शनवार हाय गो आज. नखं नको कापू."

"माझी नाय, आये. सायकलची."

"सायकलला कधी नखं फुटली?" बाईजा म्हणाली आणि भाकरीची थापथाप पुन्हा सुरू झाली.

कोंडूने सुनेकडे पाहिलं नाही. पण गोष्टीतला बिबट्या जो थबकला होता, तो थबकूनच राहिला.

त्याचं असं झालं होतं. सायकलच्या कॅरिअरचा डावा पाय जिथे मागच्या दांडीला मिळतो, तिथला बोल्ट पडून गेला होता. कोंडूचा मुलगा सुदाम मुरबाडच्या एका कारखान्यात कामाला होता. तिथे वायरी एकत्र बांधायला प्लास्टिकच्या पट्ट्या वापरतात, त्यातल्या मूठभर त्याने घरी आणल्या. एका टोकाला बारीक चौकोनी डोकं, त्यातून दुसरं टोक ओवायचं आणि ओढायचं. कर्रकन दाते बसतात. पट्टी पुढे जाते, मागे येत नाही. कारखान्यात त्याला केबल टाय म्हणतात, असं सुदाम म्हणाला. बांधून झालं की उरलेली शेपटी डोक्यालगत साफ कापून टाका, हेही म्हणाला.

हे तो कुणाला सांगत होता? वाडीतली निम्मी छपरं कोंडूने शाकारलेली. वासा आणि कामटी बांधणं हे त्याचं उभ्या जन्माचं काम, आणि त्याचा एक नियम होता. गाठ बाहेरून दिसली पाहिजे आणि गाठीला शेपूट पाहिजे. बिनशेपटाची गाठ पहिल्या वाऱ्याला सुटते. त्याने चार पट्ट्या एकाखाली एक आवळल्या, डोकी बाहेरच्या अंगाला ठेवली आणि शेपट्या तशाच सोडल्या. सायकल साळिंदरासारखी दिसू लागली. दोन दिवस त्या शेपट्यांनी पायावर फटके मारले तेव्हा त्याने कोयता घेतला आणि दोर कापतात तशा त्या तिरक्या कापल्या, नखाएवढं शेपूट राखून. दोराचं शेपूट मऊ असतं. प्लास्टिकचं तिरकं कापलं की काटा होतो. असे चार काटे एका रांगेत.

आणि वाघोबाच्या वळणावर आडवं गेलं ते मुंगूस.

कोंडूने डावा पाय टेकला, सायकल उतरणीने पुढे सरकली, आणि चारही काटे पोटरीवरून ओढत गेले. एवढंच. कुणालाही झालं असतं. पण घरी पोचला तेव्हा पायाखाली रक्ताची धार होती, बाईजा दारात उभी होती आणि तिचा चेहरा असा काही झाला की खरं सांगायला उघडलेल्या तोंडातून बिबट्याच बाहेर आला.

लहानीने आता दुसऱ्या पट्टीकडे मोर्चा वळवला. आधी तिने डोकं अंगठ्याने रेटून मागच्या अंगाला फिरवलं, जिथे पाय लागत नाही आणि चाकाच्या तारांनाही ते शिवत नाही. डायनामोची वायर त्याच दांडीवरून गेली होती. ती तिने एका बोटाने बाजूला धरली. मग नेलकटरचा जबडा पट्टीच्या डोक्याला अगदी चिकटवून, दुसऱ्या तळव्याचा आडोसा करून, म्हणजे उडालेला तुकडा डोळ्यात जाणार नाही असा, तिने दाबलं. टक्. तुकडा तिने उचलून पदराच्या गाठीत टाकला. अंगणात कोंबड्या होत्या आणि कोंबडीला प्लास्टिक आणि दाणा यांतला फरक कळत नाही.

तिसऱ्या पट्टीपाशी ती थांबली. काट्याला काहीतरी अडकलं होतं. चिमटीत धरून तिने ते सोडवलं आणि उजेडात धरलं. पांढरा दोरा. एका टोकाला तांबूस, वाळलेला.

तिने दोऱ्याकडे पाहिलं. मग मान न वळवता, फक्त डोळे वळवून, सासऱ्याच्या पोटरीकडे पाहिलं.

कोंडूने धोतर खाली सोडलं.

"मग फुडं?" जयराम म्हणाला. "घंटी मारली, मग?"

"मग काय, वाचलो," कोंडू म्हणाला. "निरोप काय तो सांग."

निरोप लहानीसाठी होता. वैशाखऱ्याच्या अंगणवाडीत मदतनीस हवी होती. तिथली सेविका जनाताई हिने पोलिओच्या डोसाच्या दिवशी लहानीला पाहिलं होतं. रांगेतली रडणारी पोरं ही एकटी बाई तोंडाने बेडकाचा आवाज काढून गप्प करत होती. तेव्हाच जनाताईने तिला विचारून ठेवलं होतं. आता ती सांगून पाठवत होती, की सोमवारी सकाळी पोरं यायच्या आत लहानीने हजर व्हावं, चूल पेटवावी. नाही आली तर दुसरी बाई बघितलेली आहे.

लहानीच्या हातातलं नेलकटर मिटलं. तिच्या माहेरी, शेणव्याला, ती भावाच्या सायकलवर दांडीखालून पाय घालून शिकली होती. लग्न होऊन ती या वाडीत आली त्याला किती पावसाळे झाले, पण बाहेरच्या कुणी तिला तिच्या स्वतःच्या कामासाठी बोलावणं धाडलं ते हे पहिलंच.

बाईजा पीठभरल्या हातांनी दारात आली.

"जनीला सांग, वाटेत वाघ हाय," ती जयरामला म्हणाली.

जयरामने एस.टी.चं नाव काढलं. एस.टी. पोचते तेव्हा पोरं खिचडी खाऊन घरी गेलेली असतात, ती म्हणाली. चालत जायचं तर घरचं पाणी कोण भरणार, आणि वाघ चालणाऱ्याला काय सोडून देतो? राहिली सायकल. सायकलवरच्या माणसाची काय गत होते ते त्याने आत्ताच पाहिलं. बोलताना तिचा हात कमरेला गेला. तिथे कनवटीला सायकलच्या कुलपाची किल्ली खोचलेली होती. ओरखड्यांच्या दिवसापासून ती तिथेच होती.

"सुदामलाबी मी बोलले," ती म्हणाली. "पोरगी पोटची नाय म्हनून वाघाच्या तोंडी देऊ?"

जयराम चहा पिऊन गेला.

आता बाईजाविषयी सांगायला हवं. सिद्धगडाच्या रानात बिबट्या आहे हे सगळ्यांना माहीत होतं, पण डांबरी रस्त्यावर तो कुणी पाहिलेला नव्हता. दुसऱ्या कुणाची बायको असती तर तिने विश्वास ठेवला असता, यात नवल नाही. पण बाईजाने उभ्या संसारात कोंडूची एक थाप खपू दिली नव्हती. लग्नाच्या मांडवात तो म्हणाला होता की त्याच्या आजोबाने पुराच्या पाण्यावरून चालत येऊन लग्न लावलं, तेव्हा हळदीच्या अंगाने, मुंडावळ्यांच्या आडून ती म्हणाली होती, की मग चपला ओल्या झाल्या का. माशाचं, भुताचं, मुंबईच्या शेठने जेवायला बोलावल्याचं, सगळं तिने जागच्या जागी उसवलं होतं. कोंडू बाहेर राजा होता आणि घरात त्याची नाणी चालत नव्हती.

त्या दिवशी मात्र चाललं. त्याचं तोंड उघडलं, बिबट्या निघाला, आणि बाईजाने विश्वास ठेवला. तिने ऊन पाण्याने पाय धुतला. हळद लावली. वाघोबाला तिने नारळ कबूल केला. दुसऱ्या दिवशी कोंडूच्या कोऱ्या चहात दूध आलं, आणि ते रोज येत राहिलं. तो उठला की ती काठी हातात द्यायची. तो खोकला की वळून बघायची. इतकी मोठी थाप त्याने कधी मारली नव्हती आणि इतकं सुख त्याला कधी मिळालं नव्हतं.

फक्त एक अडचण होती. वाघाच्या तोंडातून सुटलेल्या माणसाचा नारळ भगताने परस्पर फोडायचा नसतो. ज्याचा जीव वाचला त्याने वाघोबाच्या दगडासमोर उभं राहून, स्वतःच्या तोंडाने, चार माणसं ऐकतील असं सांगायचं असतं, की देवा, तुझं जनावर असं आलं आणि असं मला सोडून गेलं. मग नारळ. कोंडूने हे काम जमेल तितकं लांबवलं. आधी जखम ओली होती. मग अमावास्या होती. मग पूजा करणारा भगत धाकलू लेकीकडे शहापूरला गेला होता. आता धाकलू परत आला होता आणि उद्याचा रविवार ठरला होता.

माणसांना सांगायला कोंडूची कधी हरकत नव्हती. माणसं ऐकतात, हसतात, घरी जातात. वाघोबा कुठे जात नाही. तो वळणावरच बसलेला असतो आणि त्याला माहीत होतं की त्या दिवशी आडवं कोण गेलं.

जयराम गेल्यावर कोंडू पडवीतच घुटमळला. लहानीने चौथी पट्टीही कापली होती. तिने दिव्याच्या वातीसाठी ठेवलेल्या कापसाचा पुंजका आणला होता आणि तो चारही डोक्यांवरून हळूहळू फिरवत होती, वरून खाली, खालून वर. कापसाचा एक तंतूही कुठे अडकला नाही.

कोंडू जवळ आला. तिने तळहात पुढे केला. तळहातावर तो दोरा होता.

"कशाचा गो?"

"धोतराचा, बाबा."

"कुनाच्या?"

लहानीने मान खाली घातली. "वाघ धोतर नेसत असंल तर वाघाचा."

कोंडूने आत पाहिलं. चुलीपुढे बाईजाची पाठ होती. त्याने दोरा उचलला, चिमटीत गोळी केली आणि कानामागे खोचला, विडी खोचतात तसा.

"मी काय बोलनार नाय," लहानी हलकेच म्हणाली. "सासऱ्याचं सुनंनं बोलू नये."

कोंडूने वाकून पालथा हात पट्ट्यांवरून फिरवला. गुळगुळीत. त्याने दुसऱ्यांदा फिरवला, जरा दाबून, कुठेतरी टोचावं अशा आशेने. टोचलं नाही. एक पट्टी धरून हिसका दिला, शेपूट नसलेली गाठ सुटते का बघायला. सुटली नाही.

"चहात दूध घालते ती आता," तो म्हणाला, सायकलला उद्देशून म्हणावं तसा.

लहानीला हे कळायला थोडा वेळ लागला. मग तिने पदराच्या गाठीतले तुकडे चाचपले.

"सोमवारपासून मी आनीन दूध," ती म्हणाली. "वैशाखऱ्यातनं. येताना."

रविवारी सकाळी दहाबारा माणसं वळणावर जमली. ऐनाच्या झाडाखाली वाघोबाचा दगड, शेंदराचे थर चढून चढून त्याच्यावरच्या वाघाचं नाक बुजून गेलेलं, डोळे तेवढे ठसठशीत. बाईजाने सायकलही आणायला लावली होती. जिच्यावरून माणूस मरता मरता वाचला तिलाही तीर्थ लागायला हवं, असं तिचं म्हणणं. साखळी सोडली, कुलूप उघडलं आणि किल्ली लगेच पुन्हा कनवटीला गेली. लहानी सायकल हाताने ढकलत आली. येताना तिने एकदाही पायडलवर पाय ठेवला नाही.

धाकलूने दगड धुतला, शेंदूर लावला, नारळ हातात घेतला.

"सांग रे कोंडू. मोठ्यानं सांग. देव जुना हाय, त्याला कमी ऐकू येतं."

कोंडू पुढे झाला. हात जोडले. रात्रभर त्याने एक वाक्य तोंडात बसवून पाहिलं होतं, मी खोटं बोललो, तीन शब्दांचं. आख्ख्या आयुष्यात ते त्याच्या जिभेवर कधी आलं नव्हतं आणि आताही येईना. कुणाची जीभ कशाला वळते, कुणाची कशाला. जे येत होतं ते तो म्हणाला.

"कुणाला खरं वाटायचं नाय, देवा."

माणसं सरसावून बसली.

बिबट्या निघाला तो बैलाएवढा. कोंडूने चोरून बाईजाकडे पाहिलं. ती डोळे मिटून, हात जोडून उभी होती. ओठ हलत होते. बिबट्याने रस्ता अडवला, कोंडूने घंटी मारली, बिबट्या म्हणाला... होय, म्हणाला. माणसांत खसखस झाली. बिबट्या म्हणाला, की कोंडू, पाय दुखतात रे, मला गडापर्यंत सोड. आणि कॅरिअरवर बसला.

धाकलूच्या हातातला नारळ हलायला लागला. मागे कुणीतरी खोकल्याचं निमित्त केलं.

"हसू नका," बाईजा मिटल्या डोळ्यांनी म्हणाली. "भ्यालेलं मानूस हाय. ताप व्हता त्याला त्या दिशी."

कोंडूने गोष्ट आणखी वर नेली. पुढे चढ लागला. कोंडू दमला. मग बिबट्याने त्याला कॅरिअरवर बसवलं आणि स्वतः पायडल मारलं, थेट वैशाखऱ्याच्या फाट्यापर्यंत. वाटेत एक एस.टी. आडवी गेली तर ड्रायव्हरने बिबट्याला नमस्कार केला.

माणसं आता उघड हसत होती. पोटं धरून.

"तापात दिसतं असं," बाईजा म्हणाली. तिच्या बंद पापणीतून पाणी आलं होतं. "लई सोसलं त्यानं."

उभा जन्म या बाईला एक थाप पटवता पटवता कोंडू थकला होता, आणि आज तिने एक थाप टाकून द्यावी म्हणून तो जिवाचा आटापिटा करत होता. त्याने लहानीकडे पाहिलं. ती हँडल धरून खाली बघत होती. तिच्या बोटांची पेरं पांढरी झाली होती. तिच्या मागे रस्ता खाली उतरत गेला होता, वैशाखऱ्याकडे, रिकामा, उन्हात चकचकीत.

कोंडूने हात सोडले. तो सायकलकडे गेला.

"पंजा कसा मारला, ते दावतो," तो म्हणाला.

लहानीने हँडल त्याच्या हातात दिलं. तो सायकलवर बसला, दोन पावलं पुढे गेला आणि उतरणीच्या तोंडाशी त्या दिवशी केला तसा डावा पाय टेकला. मग त्याने धोतर वर ओढलं. पोटरी कॅरिअरच्या पायाला लागली. सायकल त्याने एक बोटभर पुढे सरकवली, एक बोटभर मागे घेतली, आणि थांबला.

"इथं," तो म्हणाला. "असा."

आणि पुढे काहीच बोलला नाही.

हसणं हळूहळू विरलं. कोंडू गोष्टीच्या मधे गप्प बसला, असं वाडीत कुणी कधी पाहिलं नव्हतं. ती शांतता इतकी अनोळखी होती की बाईजाने डोळे उघडले.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघत नव्हता, आपल्या पोटरीकडे बघत होता. म्हणून तीही तिकडे बघू लागली. कॅरिअरच्या पायावर चार पट्ट्या, एकाखाली एक. पोटरीवर चार खपल्या, एकाखाली एक. पहिलीसमोर पहिली. शेवटचीसमोर शेवटची.

बाईजा जवळ आली. गुडघ्यावर हात देऊन वाकली. आधी तिने चार बोटं पट्ट्यांवर ठेवली, मग तीच चार बोटं, अंतर न हलवता, उचलून पोटरीवर ठेवली. ती बोटं परत पट्ट्यांवर गेली. लुगड्याचा पदर तिने पट्ट्यांवरून फिरवला. कुठे दोरा अडकला नाही. तिने मान वर केली आणि सुनेकडे पाहिलं. लहानी पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती. मग बाईजाने वाघोबाकडे पाहिलं, बराच वेळ, एखाद्या शेजाऱ्यावर उगाच चोरीचा आळ घेऊन बसल्यावर बघावं तसं.

"फोडू का?" धाकलूने विचारलं. त्याचा हात अवघडला होता.

बाईजा सरळ उभी राहिली. कनवटीला हात घालून तिने किल्ली काढली, आणि मागे न बघता ती पाठीमागे धरली, जिथे लहानीचा हात असायला हवा होता तिथे. हात होता. किल्ली गेली. लहानीने ती मुठीत घट्ट धरली आणि पंधरवडा कोंडलेला श्वास सोडला, धाकलूलाही ऐकू गेला एवढा. कोंडूच्या खांद्यांवरूनही काहीतरी उतरल्यासारखं झालं. धोतर खाली सोडून तो सायकलच्या दांडीवर तसाच रेलला आणि कित्येक दिवसांनी त्याने दगडावरच्या त्या ठसठशीत डोळ्यांना डोळा दिला. बाईजाने पदर तोंडाशी नेला, पण हसू पदराच्या दोन्ही बाजूंनी बाहेर येत होतं.

"थांब रे धाकलू," ती म्हणाली. "वाघोबाकडं काय मागायचं नाय, त्याची माफी मागायची हाय. मानूस खोटं बोलतंय. ह्याच्या वाघाची नखं काल माझ्या सुनंनं नेलकटरनं कापली."